चौथ्या मजल्यावरचे पडदे

२ सप्टेंबर, सोमवार

ही वही कोणी उघडली असेल तर आधीच सांगून ठेवते, मला कळणार आहे. शेवटच्या लिहिलेल्या पानात मी माझा एक केस ठेवते. पांढरा, म्हणजे पांढऱ्या कागदावर उघडणाऱ्याच्या लक्षात येत नाही. नवरा म्हणतो, तू डीलर कशाला झालीस, पोलिसात जायचं होतंस. म्हणू दे. तो कामाला आहे त्या फर्निचरच्या दुकानातून गेल्या वर्षी दोन गालिचे पाय फुटल्यासारखे निघून गेले, तेव्हा चोर कोण हे पहिल्यांदा मीच सांगितलं होतं. (तो नव्हता निघाला, पण असू शकला असता.)

वही सुरू करायला कारण आहे. आजपासून ऑफिसात मी एक नियम घालून दिलाय. त्याची नोंद असलेली बरी, नाहीतर उद्या श्रेय दुसराच कोणीतरी लाटेल.

आमचा फंड लहान. पैसा बहुतेक निवृत्त लोकांचा. मंदी आली तशी माणसं धास्तावली आणि आपापले पैसे परत मागायला लागली. ते द्यायचे तर फंडाकडचे शेअर विकायला हवेत. काय विकायचं ते साहेब ठरवतात, आणि विकायचं काम मी आणि माझे धाकटे दीर करतो. भाऊजींना मीच इथे लावलं, दहा वर्षं झाली. आम्ही राहतोही एकाच घरात, आम्ही वर, ते आणि सासूबाई खाली. मधल्या जिन्याचं दार कधी लागत नाही.

आता मोठी विक्री म्हणजे गुपचूप करायचं काम. बाजाराला आधी वास लागला की लोक आपल्या आधी विकून मोकळे होतात, भाव कोसळतो, आणि आपला माल पडेल भावाने जातो. नुकसान त्या म्हाताऱ्या माणसांचं. म्हणून आमच्या खोलीत मोबाइल चालत नाहीत, आत येतानाच पेटीत टाकायचे.

पण खिडक्यांचं काय? रस्ता अरुंद, आणि समोरच्या इमारतीत चौथ्याच मजल्यावर उन्हाळ्यापासून शेअरची खरेदी-विक्री करणारी एक कंपनी आलीये. तिथला एक टकल्या हातात मग घेऊन दिवसभर खिडकीत उभा असतो. काय बघतो? दुर्बीण आणली तर आमचे स्क्रीन वाचता येतील मेल्याला. म्हणून नियम असा, मोठी विक्री सुरू करायच्या आधी चारही खिडक्यांचे पडदे पाडायचे, काम संपलं की वर. एरवी उघडेच ठेवायचे, कारण दिवे जळले की साहेबांना विजेचं बिल दिसतं. शिपायावर माझा भरवसा नाही. पडदे मी स्वतः पाडणार.

भाऊजी हसले. म्हणाले, "वहिनी, उद्या डब्यालाही कुलूप लावाल." साहेबांनी नेहमीसारखं त्यांना टोकलं, "ऑफिसात मॅडम म्हणा." ते "हो साहेब" म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा वहिनी.

५ सप्टेंबर, गुरुवार

नियमानंतरची पहिली मोठी विक्री. पाण्याचे पंप बनवणारी कंपनी, आमच्याकडचा सगळ्यात मोठा साठा. त्यातही गिऱ्हाइकं कमी, म्हणजे जरा जास्त विकायला काढलं की भाव घसरलाच. मी पडदे पाडले, चष्मा पुसला, पहिली ऑर्डर टाकायला हात उचलला आणि भाव डोळ्यांदेखत खाली. आम्ही एकही शेअर विकला नव्हता!

भाऊजी म्हणाले, बाजारच पडतोय वहिनी. खरं होतं, सगळंच पडत होतं. पण पंपवाले जरा जास्तच घाईने पडले.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा तेच. नियमाप्रमाणे पडदे पाडले, एवढंसुद्धा उजेडाचं भोक ठेवलं नाही, शेवटच्या पडद्याच्या कडेला फाइल टेकवली. आणि आम्ही सुरुवात करायच्या आत कोणीतरी पंपवाले धडाधड विकले. मनात पाल चुकचुकली. बाहेरून दिसणं शक्य नाही. म्हणजे बातमी आतूनच जातेय.

आत आहोत पाच जण. साहेब, ज्यांचा स्वतःचा पैसा याच फंडात आहे. मग नियमावलीबाई, ज्या आमच्यावर नजर ठेवतात आणि ज्यांच्यावर कोणीच ठेवत नाही. हे टोपणनाव मीच दिलंय, नियमाचं कलम न सांगता त्या पाणीही मागत नाहीत. तिसरा शिपाई, चौथे भाऊजी, आणि पाचवी मी. मी नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणजे चार उरले.

साहेबांचा आवाज बारीक झालाय. वाईट दिवसांत ते असेच हळू बोलतात, आपल्यालाच खुर्ची पुढे ओढावी लागते. म्हणाले, "असंच चाललं तर काही दिवस पैसे देणं थांबवायला लागेल. आणि एकदा थांबवलं की उरलेलेही धावत येतील."

११ सप्टेंबर, बुधवार

भाऊजी दुपारी पेटीतून मोबाइल काढून जिन्यात गेले. मी पाणी आणायच्या निमित्ताने मागे. कान देऊन ऐकलं, कबूल करते. म्हणत होते, "किती झालं? एकशे चाळीसच्या वर गेलं तर लगेच कळवा मला... नाही, इथे नको बोलायला, संध्याकाळी सांगतो."

पंपवाल्यांचा भाव एकशे अडतीस चाललाय.

दहा वर्षं शेजारी बसलेला माणूस. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा शाळेचं दप्तर माझ्याकडून भरून घ्यायचे. छे, असं नसेल. पण मग जिन्यात कशाला जायचं? आणि धाकटी जाऊ महिनाभर माहेरी का जाऊन बसलीये? "थोडी विश्रांती" म्हणे. ती तर एका जागी दहा मिनिटं बसत नाही. विचारलं तर सासूबाई विषय बदलतात.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज घरचंच. नवऱ्याचा पगार पुढच्या महिन्यापासून निम्मा. मंदीत सोफे कोण घेतंय! आम्ही खोलीचं दार लावून अगदी हळू आवाजात बोललो, लेकीच्या कानावर जायला नको, तिची बारावी आहे. तिला काहीही कळलेलं नाही. उलट जेवताना पोर आपणहून म्हणाली, "आई, सहलीला नाही जायचं मला, कंटाळा आलाय." शहाणी झालीये. हे आत्ताच कसं सुचलं कोण जाणे, पण बरं झालं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवसांचं एकदम लिहिते.

काल सकाळी एका पडद्याची दोरी माझ्या हातात तुटून आली. पडदेवाला आला आणि म्हणाला, चारही जुने झालेत, एकदमच नेतो, परवा आणून देतो. मी म्हटलं मग परवापर्यंत विक्री नको. साहेब म्हणाले थांबता येणार नाही, पैसे मागणाऱ्यांची रांग लागलीये. शेवटी मी स्क्रीनच्या कडेला फायली उभ्या केल्या, खिडकीकडे पाठ करून बसले, आणि उघड्याबोडक्या खिडक्यांसमोर काल आणि आज असे दोन्ही दिवस पंपवाले विकले.

एक काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. भाव जागचा हलला नाही. लोण्यातून सुरी फिरावी तशी विक्री झाली. टकल्या समोर उभा होता, मग घेऊन, ढिम्म.

आणि काल आणि आज भाऊजी रजेवर होते. "घरगुती काम" म्हणून अचानक घेतलेली रजा. ते असले की बातमी फुटते, नसले की फुटत नाही. आणखी काय पुरावा हवा? मला चोर सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी सारखं रडू येतंय. एवढं करून त्यांनी त्या बिचाऱ्या निवृत्त लोकांच्या ताटातलं ओढून घेतलं, आणि मी त्यांना या खुर्चीत बसवलं होतं.

१८ सप्टेंबर, बुधवार

सांगून टाकलं साहेबांना. घरचं माणूस म्हणून झाकून ठेवलं असतं तर मीही त्यातलीच झाले असते. जिन्यातला फोन, एकशे चाळीस, रजेचे दिवस, सगळं सांगितलं. साहेब इतक्या हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं. "तुमची खात्री आहे?" मी म्हटलं, "नसती तर सख्ख्या दिराचं नाव घेतलं असतं का?"

जेवणाच्या सुट्टीनंतर नियमावलीबाईंनी भाऊजींना आत बोलावलं. चौकशी होईपर्यंत घरी बसा, म्हणाल्या. ते बाहेर आले, पेटीतून मोबाइल उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनवर काहीतरी शोधत होते. माझं नाव कुठेही यायचं नाही असं साहेबांनी वचन दिलंय.

पडदे दुरुस्त होऊन आले. नव्या दोऱ्या छान सरकतात.

घरी आले आणि कोणाशी न बोलता खोलीचं दार लावून पडून राहिले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. कोणाला काही कळायचा प्रश्नच नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी मी चपला घालत होते तर भाऊजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. दाढी केलेली नाही. म्हणाले, "वहिनी, तुम्ही साहेबांशी एकदा बोलाल का? माझ्याबद्दल तुम्हाला जेवढं माहितीये तेवढंच सांगा. जास्त काही नको."

काय सराईत नाटक! मी म्हटलं, "बघते." ते म्हणाले, "बघा. घाई नाही." आणि माझी खाली पडलेली छत्री उचलून हातात दिली.

संध्याकाळी सासूबाई वर आल्या आणि पलंगावर बसून रडल्या. धाकटीला दिवस गेलेत, चौथा महिना. याआधी दोनदा पोटातच गेलं म्हणून यावेळी पाचवा लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तिचं ब्लडप्रेशर सारखं वर जातंय. माहेरी तिची आई सकाळ-दुपार मोजते आणि एकशे चाळीसच्या वर गेलं की भाऊजींना फोन करते. सोमवारी रात्रभर दवाखान्यात ठेवलं होतं तिला. "आणि आता याची ही नोकरी," सासूबाई म्हणाल्या. "तिला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं गं?"

म्हणजे फोन खरा होता, रजाही खरी होती.

पण मग बातमी का नाही फुटली त्या दोन दिवसांत? आणि मूल होणार म्हटल्यावर माणसाला पैसा जास्तच लागतो ना? फोन एका गोष्टीसाठी खरा असला म्हणजे दुसऱ्यासाठी खोटा असतो असं नाही. मी असा विचार करत्येय आणि सासूबाईंच्या पाठीवरून हात फिरवत्येय. माझा मलाच राग आला, पण विचार काही थांबला नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज भाऊजी ऑफिसात नसताना बातमी फुटली!

पडदे पाडले, आणि पंधरा मिनिटांत पंपवाले गडगडले. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की खुर्चीत बसवेना. म्हटलं, "त्यांचा कोणीतरी साथीदार आत आहे." नियमावलीबाई म्हणाल्या, "कोण?" मी म्हटलं, "तेच शोधायचंय," आणि त्यांच्याचकडे बघितलं. त्यांनी लगेच काहीतरी लिहून घेतलं.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "मी झोपेत बोलते का?"

"बोलतेस."

"काय?"

"मला रागावतेस."

"शेअरबद्दल काही?"

"तुझ्या झोपेतही मी कर्जबुडवाच असतो, त्यात शेअर कुठून येणार?" हसत म्हणाला, पण मी त्याचा मोबाइल तपासला. त्यात माझ्या बहिणीने पाठवलेले मांजरांचे फोटो होते, दुसरं काही नाही.

वहीतला केस जागेवर नव्हता. लेकीवर पाळत ठेवायला हवी.

२६ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा तेच झालं. आता साहेब सरळ म्हणाले, येत्या आठवड्यात हे थांबलं नाही तर पैसे देणं बंद.

भाऊजींनी नोकरीसाठी दोन ठिकाणी विचारून बघितलं. एकाने तोंडावर नाही म्हटलं, दुसऱ्याने फोनच उचलला नाही. बाजारात बातमी पोचलीये की हा माणूस आतल्या ऑर्डरी बाहेर सांगतो. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही माणसाबद्दल. मंदीत चांगल्यांना घरी पाठवतायत, डाग लागलेल्याला कोण घेईल? चौकशीत ठरलं तर ते पुन्हा कधी डीलर म्हणून बसू शकणार नाहीत. आणि धाकटीला काल कळलं. फोनवर म्हणे नुसतं "जेवलात का" विचारलं.

दोषी असतील तर व्हायलाच हवं होतं हे. असतील तर. आज पहिल्यांदा लिहिलं हे.

२९ सप्टेंबर, रविवार

आज मला कळलंय, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटतंय. नीट क्रमाने लिहिते.

दुपारी नवऱ्याशी घरखर्चाचं बोलायचं होतं म्हणून मी खोलीचं दार लावायला गेले, तर लेक बाहेरूनच ओरडली, "आई, दार नको ना लावूस! अभ्यास होत नाही मग माझा."

"दाराचा आणि तुझ्या अभ्यासाचा काय संबंध?"

"तू दार लावलंस की धडधडायला लागतं. चांगल्या गोष्टीसाठी लावतेस का कधी? बाबांचा पगार कमी झाला तेव्हा लावलंस."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "तू ऐकलंस?"

"ऐकू कुठे येतं? ऐकायची काय गरज? दार लागलं म्हणजे पैशाचंच असणार. म्हणून तर सहलीला नाही म्हटलं. आणि काकाची नोकरी गेली त्या दिवशी पण आल्या आल्या लावलंस."

"त्या दिवशी डोकं दुखत होतं माझं."

लेक खाली बघून पेनाचं टोपण काढ-घाल करायला लागली. "काका जिन्यात होता तेव्हा," ती म्हणाली. "तुला विचारायलाच वर येत होता. तू दार लावल्याचा आवाज आला आणि तो तिथेच थांबला. म्हणाला, 'अच्छा. वहिनी होय.' आणि परत खाली गेला. आजीनेही ऐकलं. तुला काही बोलायचं नाही असं काका म्हणाला."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून "साहेबांशी बोला" म्हणाले, ते विनवत नव्हते. मला मागे फिरायला वाट करून देत होते. आणि मी त्याला सराईत नाटक म्हटलं, वर याच वहीत लिहून ठेवलं.

तशीच ओट्याशी जाऊन कप विसळत उभी राहिले. ऐकायची काय गरज, दार लागलं की कळतंच. पाणी नुसतं वाहत होतं. आणि मग डोळ्यांसमोर चार पडदे आले, एकापाठोपाठ एक खाली येणारे, आणि रस्त्यापलीकडे मग धरून उभा असलेला टकल्या.

त्याला आमचे स्क्रीन वाचायची गरजच नव्हती. या मंदीत आमच्यासारखा फंड दुसरं काय करणार, विकणारच. आमच्याकडचा सगळ्यात मोठा साठा पंपवाल्यांचा आहे हे आम्हीच दर महिन्याला जाहीर करतो. फक्त कधी, एवढंच त्याला हवं होतं. ते मी त्याला स्वतःच्या हाताने सांगत होते. शिपायावर भरवसा नव्हता ना माझा! भाऊजी रजेवर होते त्या दोन्ही दिवशी पडदे दुरुस्तीला गेले होते. हेही मीच लिहिलंय वर, स्वच्छ अक्षरात.

वहीतला केस सापडला. माझ्याच चष्म्याच्या दांडीला अडकला होता.

३० सप्टेंबर, सोमवार

तरीही अंदाजावर आता कोणाचंच नाव घ्यायचं नाही, माझंही नाही. म्हणून पारखून बघितलं. आज विकायचं काहीच नव्हतं. साहेबांना आणि नियमावलीबाईंना खोलीत उभं केलं, म्हटलं कारण नंतर सांगते, फक्त पंपवाल्यांचा भाव बघा. आणि चारही पडदे पाडले.

आम्ही तिघं दिव्याच्या उजेडात उभे. मी मनातल्या मनात म्हणत होते, पडू नको, भाव पडू नको. म्हणजे निदान दुसरा कोणी चोर असेल. पाच-दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग विक्री सुरू झाली, आधी थोडी, मग धबाधबा, आणि भाव खाली खाली. आमच्याकडून कोणी एक बटणसुद्धा दाबलं नव्हतं.

मी दोरी ओढून पडदा वर केला. टकल्या खिडकीत होता, आणि आमच्या खिडकीकडेच बघत होता. त्याने घाईघाईने मगातलं काहीतरी पिऊन टाकलं.

साहेब खुर्चीत बसले. कित्येक दिवसांनी मोठ्याने बोलले, "म्हणजे त्या पोराने काहीच केलेलं नाही." मी म्हटलं, "नाही. मी केलंय." नियमावलीबाईंनी नेहमीसारखं लिहून घ्यायला पेन उघडलं, आणि मिटवून ठेवलं.

मग साहेबांचे डोळे जरा चमकले. "पण मग आपण मुद्दाम पडदे पाडून त्यांनाच..." नियमावलीबाई म्हणाल्या, "कलम सांगू का?" साहेब म्हणाले, "नको."

भाऊजींना परत बोलावण्याचं पत्र आजच निघालं. आणि ज्या दोन ठिकाणी त्यांना नाही म्हणाले तिथे साहेब स्वतः फोन करणार आहेत, आमची चूक झाली म्हणून. चूक कोणाची ते त्यांनी विचारलं तर माझं नाव सांगा, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

१ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊजींना मी स्वतः सांगितलं. सासूबाईंच्या देखत, खाली, जेवणाच्या टेबलाशी. पडद्यांचं, साहेबांकडे जाऊन नाव घेतल्याचं, जिन्यात चोरून ऐकल्याचं, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून श्वास न घेता बोलले. शेवटी म्हटलं, "मला माफ करा भाऊजी," आणि रडायलाच लागले.

ते पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पडद्यांचं भारी आहे हं. मलाही नसतं सुचलं."

"भाऊजी, रागवा तरी माझ्यावर."

"रागावून काय करू वहिनी? नोकरी हवीच आहे मला. सोमवारपासून येतो."

सासूबाईंनी उठून माझ्यासमोरचा रिकामा कप उचलला आणि धुवायला घेऊन गेल्या. चहा घेणार का, असं काही विचारलं नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

भाऊजी आले. जुन्याच खुर्चीत बसले. पडदे वर बांधून टाकलेत, गाठी मारून. उघड्या खिडकीत बसून आम्ही पंपवाल्यांचा पुढचा हप्ता विकला, आणि भाव जागच्या जागी राहिला. अधूनमधून माझा हात आपोआप दोरीकडे जायचा. टकल्या दुपारनंतर खिडकीतून गेला तो आलाच नाही. साहेब म्हणाले, आता पैसे देणं थांबवायला लागणार नाही. शिपायाने सगळ्यांना चहा आणला.

मी भाऊजींना विचारलं, "आणखी थोडे काढायचे का आज?"

"तुम्ही म्हणाल तसं, मॅडम," ते म्हणाले.

साहेबांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा कागदात घातली. दहा वर्षं ते भाऊजींना हेच सांगत होते.

९ ऑक्टोबर, बुधवार

धाकटी काल माहेरहून परत आली. तब्येत ठीक आहे, फक्त जिने चढायचे नाहीत आणि गोळ्या वेळेवर घ्यायच्या. आज त्यातली एक गोळी जवळच्या दुकानात मिळाली नाही असं लेकीकडून कळलं. मी ऑफिसातून येताना तीन दुकानं पालथी घालून आणली. साडी न बदलताच तशीच जिना उतरले.

जिन्याचं दार बंद होतं.

आधी वाटलं वाऱ्याने लागलं असेल. ढकलून बघितलं तर कडी आतून घातलेली. त्या दाराला कडी आहे हेच मी विसरले होते. आत बोलणं चाललं होतं, धाकटी हसत होती, भाऊजी काहीतरी सांगत होते. शब्द कळत नव्हते. महिन्यापूर्वी असते तर दाराला कान लावला असता. आज लावला नाही. ऐकायची गरज नव्हती.

हळूच दार वाजवलं. आतलं हसणं थांबलं.

"कोण आहे?" भाऊजींनी विचारलं.

त्या जिन्याने खाली येणारं दुसरं कोण असणार? वर आम्ही तिघंच. नवरा दुकानात होता, लेक क्लासला.

"मी आहे," मी म्हटलं. "गोळ्या आणल्यात."

जरा वेळाने कडी काढल्याचा आवाज आला.